कुत्र्याला सजवायचं, पण किती? हॅलोवीनपासून कुकुर तिहारपर्यंत

प्रश्न: पुण्यात आमच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन आहे आणि कुत्र्यांच्या वेशभूषेची स्पर्धाही ठेवली आहे. आमच्याकडे चार वर्षांचा, १८ किलोचा इंडी, म्हणजे देशी कुत्रा आहे. न्यू जर्सीत राहणारी बहीण तिच्या ८ किलोच्या पगला सजवणार आहे. दोघांना एकसारखा पोशाख करावा असं मनात आहे. इतर देशांत हे कसं करतात, आणि कुत्र्याला त्रास न होता काय करता येईल?

उत्तर:

कापड एकसारखं घ्या, पोशाख मात्र एकसारखा शिवू नका. तुमचा इंडी लांब नाकाचा, खोल छातीचा आणि बारीक कंबरेचा. बहिणीचा पग चपट्या नाकाचा, पिंपासारख्या छातीचा, मान जवळजवळ डोक्याइतकीच जाड. पुण्यात ऑक्टोबरअखेर दुपारी पारा तिशीपार असतो, तर न्यू जर्सीत त्या संध्याकाळी स्वेटर लागतो. शरीर वेगळं, हवा वेगळी, आजूबाजूचा आवाजही वेगळा. या तीन गोष्टी आधी पाहायच्या आणि मग कुत्र्याच्या अंगावर काय ठेवायचं ते ठरवायचं. ज्या ज्या देशांत कुत्रे नीट सजवले जातात तिथे नकळत हेच केलेलं दिसतं.

हॅलोवीनची मुळं आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या सॉविन या सणात आहेत. वेश बदलून दारोदार जाणं आणि मोठ्या होळ्या पेटवणं हे तिथलं जुनं. पण त्यात कुत्रा नव्हता, आणि आजही आयर्लंडमध्ये ती रात्र होळ्यांची आणि फटाक्यांची असते. इंग्लंडमध्ये तर लगेच ५ नोव्हेंबरला आतषबाजीची रात्र येते. त्यामुळे तिथला शहाणा माणूस संध्याकाळ व्हायच्या आत कुत्र्याला फिरवून आणतो, पडदे ओढतो, रेडिओ लावतो आणि त्याला घरातच ठेवतो. पोशाखाचे फोटो काढायचेच असतील तर दुपारी काढतो. दिवाळीच्या दिवसांत हीच पद्धत आपल्याकडेही लागू पडते. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला होती. ज्या वर्षी असं जुळून येतं त्या वर्षी कुत्र्यांची स्पर्धा संध्याकाळी सातला ठेवणं चूकच. आयोजकांना सांगून ती सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान ठेवून घ्या. ऊन कमी असतं, फटाके कमी असतात, फोटोही चांगले येतात.

कुत्र्यांच्या हॅलोवीनची आजची धूम अमेरिकेतली. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये टॉम्पकिन्स स्क्वेअरची मिरवणूक १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रसिद्ध आहे. तिथून उचलण्याजोगी गोष्ट एकच, पण फार मोलाची आहे: सगळ्यात भव्य सजावटींत बहुतेक सामान कुत्र्याच्या अंगावर नसतंच. ते असतं ढकलगाडीवर, बाबागाडीवर किंवा मालकाच्या अंगावर, आणि कुत्रा त्या देखाव्यात नुसता बसलेला असतो. गणपतीचे देखावे उभे करणाऱ्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. पुठ्ठा, थर्माकोल, दिवे, जे काही जड आणि टोकदार असेल ते गाडीवर जाऊ द्या. कुत्र्याच्या वाट्याला फक्त कापड येऊ द्या.

अमेरिकन दुकानांत भोपळा, हॉट डॉग, वटवाघूळ आणि मधमाशी यांचे तयार पोशाख सर्वांत जास्त दिसतात. यांतला हॉट डॉग, म्हणजे पावात ठेवलेल्या सॉसेजचा पोशाख, डॅक्सहुंडला हटकून घालतात, आणि नेमकं त्यालाच तो सोसत नाही. फोमचे दोन जाड तुकडे दोन्ही बरगड्यांना चिकटून राहतात. उष्णता बाहेर पडत नाही, कुत्र्याला अंग वळवता येत नाही आणि लांब पाठीच्या या जातीत मणक्यावर वाकडा ताण येतो. वटवाघळाचे पंख त्या मानाने चांगले, कारण ते खांद्यामागे हार्नेसवर, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्यावर बसतात आणि अंग मोकळं राहतं. बहिणीला तयारच काही घ्यायचं असेल तर पंख घेऊ दे.

जपानमध्ये हॅलोवीनला कुत्रे सजतातच, पण खरी बारकाई त्यानंतर १५ नोव्हेंबरच्या सुमारास दिसते. तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना देवळात नेऊन आशीर्वाद घेण्याचा शिची-गो-सान हा सण त्या सुमारास असतो. तोक्योतल्या इचिगाया भागातल्या कामेगाओका हाचिमान देवळात पाळीव प्राण्यांनाही तो आशीर्वाद मिळतो. तिथे कुत्र्यांना किमोनो घालतात. नीट पाहिलं तर तो खरा किमोनो नसतो. बंद पोटाखाली असतात, आणि कमरपट्ट्याची भरजरी गाठ आधीच शिवून पाठीवर लावलेली असते. दिसायला भरगच्च, पण पाय, शेपूट, गळा सगळं मोकळं. जपानी दुकानांत कुत्र्याचं कपड्याचं माप मानेचा घेर, छातीचा घेर आणि पाठीची लांबी असं तीन आकड्यांत देतात, आणि डॅक्सहुंडसाठी वेगळे मापगट असतात. ‘स्मॉल, मीडियम, लार्ज’ यावर विसंबून ऑनलाइन मागवलेला कपडा इंडीला छातीत घट्ट आणि कंबरेत ढगळ होतो, तो याच कारणाने.

मेक्सिकोत गेल्या काही वर्षांत २७ ऑक्टोबर हा गेलेल्या पाळीव प्राण्यांच्या आठवणीचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला आहे. वेदीवर कुत्र्याचा फोटो, पाण्याचं भांडं, त्याचा आवडता खाऊ आणि भोवती झेंडूची फुलं ठेवतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. ब्राझीलमध्ये हॅलोवीनपेक्षा कार्निव्हल मोठा. रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर कुत्र्यांची वेगळी मिरवणूक निघते, तीही भर उन्हाळ्यात. तिथला धडा आपल्या हवेला जवळचा आहे: जाळीदार हलकं कापड, आणि तापलेला डांबरी रस्ता टाळणं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवा. चटका बसला तर तो रस्ता कुत्र्याच्या पंजांसाठी नाही.

मला यात सर्वांत जास्त आवडतो तो नेपाळचा कुकुर तिहार. तिहार सणाचा हा दुसरा दिवस, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीच्या सुमारास. कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि समोर खायला ताट, एवढंच. पाळलेल्या कुत्र्याला, रस्त्यावरच्या कुत्र्याला आणि पोलिसांच्या श्वानपथकालाही हाच मान. कुत्र्याला दुसरं कोणी बनवायचं नसतं, तो कुत्रा म्हणूनच पूजला जातो, आणि म्हणून तो सैरभैर होत नाही. मात्र माळ घालतानाही काही गोष्टी पाळाव्या लागतात. ती साध्या सुती दोऱ्यात ओवा, नायलॉनच्या नको. कुठे अडकली तर दोरा तुटायला हवा. माळ छातीच्या हाडापर्यंत लोंबावी, त्याखाली गेली की पुढचा पाय तिच्यात अडकतो. अर्ध्या तासाने काढून घ्या, कारण कुत्रे फुलं खातात आणि फुलांबरोबर दोराही गिळतात. लांब दोरा आतड्यात गेला की आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं, आणि मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही. जर, टिन्सेल, लोकरीचा धागा यांनाही हेच लागू. टिळा दही-तांदळाचा लावा आणि कुंकवाचं अगदी बोट टेकवा. बाजारी कुंकवात रासायनिक रंग असतात आणि शेंदरात शिसं असू शकतं, म्हणून शेंदूर नकोच.

आता पोशाखाचं. कुत्र्याच्या अंगाला सर्वांत मानवणारा आकार आपल्याकडे पोळ्याला डोळ्यांसमोर असतोच, तो म्हणजे बैलाची झूल. ती पाठीवर पडते, दोन्ही कुशींवर लोंबते, पाय कशातच घालावे लागत नाहीत. बाशिंग आणि घुंगरमाळ मात्र बैलापुरतीच ठेवा. कुत्र्याला माणसापेक्षा कितीतरी बारीक आणि उंच पट्टीचं ऐकू येतं, आणि कानाजवळ सतत वाजणारं घुंगरू त्याला काही मिनिटांतच नकोसं होतं.

माप घेताना कुत्रा उभा असू द्या. मानेचा घेर पट्टा बसतो तिथे. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, छाती सर्वांत खोल असते तिथे. पाठीची लांबी पट्ट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत. तुमच्या इंडीचं माप मान ३८, छाती ६०, पाठ ५२ सेंटिमीटर असं धरून सांगतो, तुम्ही आपले आकडे घाला. झुलीची लांबी पाठीपेक्षा ६ सेंटिमीटरने कमी, म्हणजे ४६. शेपूट पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. रुंदी छातीच्या घेराच्या साठ टक्के, म्हणजे ३६. ती बरगड्यांच्या मध्यापर्यंत येते आणि कोपराखाली लोंबत नाही. शिवणीसाठी चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर सोडा. ९० सेंटिमीटर पन्ह्याचं अर्धा मीटर कापड पुरतं, पट्ट्याही त्यातच निघतात.

वरचं कापड खणाचं घ्या, सुंदर दिसतं. मात्र अस्तर मऊ धुवट सुती हवंच, कारण खणाचा किंवा पैठणीच्या काठाचा जर आतून टोचतो. काठ लावलात तर त्याची कापलेली कड अस्तराच्या आत बंद करा. पॉलिएस्टर टाळा. न्यू जर्सीच्या कोरड्या हवेत त्यात स्थिर वीज साठते आणि कुत्र्याला बारीक झटके बसतात. शिवाय पणती किंवा भोपळ्यातली मेणबत्ती लागली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

पट्ट्या दोन. एक छातीवरून, छातीच्या हाडावर येईल अशी. गळ्यावर आली तर चालताना श्वास दाबते. दुसरी पोटाखालून, ४ सेंटिमीटर रुंद, काखेपासून चार बोटं मागे. काखेत गेली की वीस मिनिटांत कातडी लाल होते, आणि ही चूक तयार पोशाखांत सर्रास असते. पोटपट्टीची लांबी अशी काढा: छातीचा घेर ६० वजा झुलीची रुंदी ३६, म्हणजे २४. त्यात एकावर एक येण्यासाठी ८ आणि सैलपणासाठी ३ मिळवा, झाले ३५. बांधल्यावर दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. त्याहून सैल झाली तर झूल पोटाखाली फिरते आणि कुत्रा घाबरून पळतो. बंद करायला अडीच सेंटिमीटर रुंद व्हेल्क्रो वापरा. त्याचे काटेरी आकडे अंगाच्या उलट दिशेला हवेत, नाहीतर केस ओढले जातात. बटणं, हुक, नाड्या नकोत. बटण गिळलं जातं आणि नाडीची गाठ ऐनवेळी सुटत नाही. झुलीखाली रोजचा हार्नेस राहू द्या. त्याची कडी जिथे येते तिथे झुलीला ४ सेंटिमीटरचं काज करा आणि लीश त्यातून आत कडीला लावा. लीश कधीही कपड्याला अडकवू नका.

पगसाठी हीच झूल चालेल, फक्त गळ्याचा भाग आणखी मागे घ्या, खांद्यांच्या मागपासूनच कापड सुरू होऊ दे. डोक्यावरून घालायचं काहीही नको. या जातीचे डोळे बाहेर आलेले असतात आणि मानेवर ओढ बसली की डोळ्यांवर दाब येतो. बाहेर थंडी असली तरी घरात हीटर चालू असतो, म्हणून आत आल्यावर झूल काढायची.

मुखवटा, टोपी, चष्मा यांना माझा दोघांसाठीही स्पष्ट नकार आहे. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांना येतो, बाकी सगळी उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो, आणि त्यासाठी तोंड पूर्ण उघडावं लागतं. दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. कुत्रे एकमेकांशी कान, कपाळ, पाठीवरचे केस आणि शेपूट यांनी बोलतात. ते झाकले की समोरच्या कुत्र्याला याचा हेतू कळत नाही. अशा स्पर्धांत ओळखीचे कुत्रेही एकमेकांवर गुरगुरतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. कानांना किंवा पायांना रबरबँड लावू नका. केसांत दडलेलं रबरबँड विसरलं जातं आणि दोन दिवसांत कातडीत रुततं.

केस रंगवण्याचा मोह होईल. माणसांचा हेअर डाय अजिबात नको, त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर पोटात जातो. चमकी डोळ्यात गेली की बुबुळावर ओरखडा उठतो.

सवय लावायला किमान १४ दिवस द्या, म्हणजे १७ ऑक्टोबरला झूल शिवून तयार हवी. पहिले तीन दिवस ती जमिनीवर ठेवा, त्याला हुंगू द्या, प्रत्येक हुंगण्याला वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा. मग पाठीवर दोन सेकंद ठेवा, ठेवलेली असतानाच खाऊ द्या, काढली की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा आहे: आधी कापड, मग खाऊ. उलट केलंत तर खाऊ दिसताच तो सावध होऊन मागे सरकायला शिकेल. व्हेल्क्रो फाटल्यासारखा आवाज करतं, त्याची सवय वेगळी लावावी लागते. तीन मीटरवरून उघडझाप करा, खाऊ टाका, रोज थोडं जवळ या. सातव्या-आठव्या दिवसापासून पोटपट्टी लावून अर्धा मिनिट, मग दोन, मग पाच. त्यानंतर घरात चालवा, मग जिन्यात, मग लिफ्टमध्ये. खाऊ जितका दिला तितकं रात्रीचं जेवण कमी करा.

या सगळ्यात लोक चुकतात ते एका ठिकाणी. झूल घातल्यावर कुत्रा दगडासारखा उभा राहिला की ‘बघा किती शहाणा आहे’ म्हणतात. तो शहाणपणा नसतो, तो घाबरून थिजलेला असतो. डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, जीभ सारखी नाकावर फिरवणं, झोप नसताना जांभया, कान मागे, शेपूट पोटाखाली, खाऊ समोर असूनही न खाणं, यांतली दोन लक्षणं एकदम दिसली की झूल काढा आणि मागच्या पायरीवर या. दोन दिवसांनीही तसंच झालं तर या वर्षी त्याला पोशाख नको. गळ्यात नवा खणाचा रुमाल बांधा, बाकीचा वेश तुम्ही करा. आवडतंय की नाही हे त्यालाच विचारायची सोपी रीत आहे: झूल हातात धरून खाली बसा, हाक मारू नका. आपणहून जवळ आला तर घाला. तोंड फिरवून गेला तर तेच त्याचं उत्तर.

त्या दिवशी झूल अंगावर सलग २० मिनिटं, मग काढून १० मिनिटं मोकळा, पाणी, हवं तर पुन्हा एकदा. पगला १० मिनिटंच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, आणि ४१ च्या पुढे उष्माघाताचा धोका. जोरात आणि आवाज करत धापा, गडद लाल हिरड्या, चिकट लाळ, चालताना झोकांड्या ही त्याची लक्षणं. झूल काढा, सावलीत न्या, अंगावर नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि गार करता करताच पशुवैद्याकडे निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते.

खाण्याचा धोका पोशाखाइतकाच मोठा आहे, कारण मुलांच्या पिशव्या कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर असतात. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन किलोमागे २० मिलिग्रॅम गेलं की उलट्या आणि अस्वस्थता सुरू होते, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ते ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ किंवा जास्त. म्हणजे पगला ८० ग्रॅम दुधाचं किंवा ३० ग्रॅम डार्क चॉकलेटही त्रास देईल, तुमच्या इंडीला १८० आणि ७० ग्रॅम. बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल त्याहून घातक. किलोमागे ०.१ ग्रॅम गेलं तरी रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडाला मारक, त्यामुळे दिवाळीच्या डब्यातले बेदाणे घातलेले लाडूही उंचावर. यांतलं काही खाल्लं तर वाट पाहत बसू नका, रॅपर घेऊन लगेच पशुवैद्याकडे जा. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका.

अंधारात चमकणाऱ्या कांड्या (ग्लो स्टिक) कुत्र्याने चावून फोडल्या तर आतला द्रव भयंकर कडू असतो. तोंडाला फेस येतो, पण सहसा तो जीवघेणा नसतो. दिव्यांच्या पट्ट्यातली नाण्यासारखी बॅटरी मात्र अन्ननलिका काही तासांत जाळते, म्हणून कुत्र्याच्या अंगावर बॅटरीचे दिवे लावूच नका, गाडीवर लावा.

बहिणीला आणखी एक सांगा. तिच्याकडे त्या संध्याकाळी दार पुन्हापुन्हा उघडेल आणि बाहेर मुखवटे घातलेली मुलं असतील. पगला आतल्या खोलीत ठेवून दाराआधी लहान मुलांचं गेट लावावं. गळपट्ट्यावर फोन नंबराचा बिल्ला असावा आणि तो झुलीखाली झाकला जाऊ नये.

झूल काढल्यावर काखा, छातीचं हाड आणि कानांमागे केस बाजूला करून पाहा. लाली असेल तर साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. दुसऱ्या दिवशीही राहिली तर पशुवैद्याला दाखवा. झूल धुताना व्हेल्क्रो बंद करून थंड पाण्यात हाताने धुवा, नाहीतर खणाचा रंग अस्तराला लागतो आणि आकड्यांमध्ये अडकलेले केस पुढच्या वेळी टोचतात.